ऐकू सगळ्यांना येतं

रांजणगाव एमआयडीसीच्या कडेला, कारेगावात, कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. वर पत्रा, मध्ये एका विटेची भिंत. पलीकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते अलीकडे मोजता येतं. अशा खोलीत रात्री एखाद्या बाईला मार बसतो, तेव्हा ते फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक असतं, हे मानायला मी तयार नाही. ऐकू सगळ्यांना येतं. कुणी टीव्हीचा आवाज वाढवतं, कुणी लेकराला कुशीत ओढून घेतं. सकाळी नळावर तिच्या गालाकडे न बघता तिचा हंडा पुढे सरकवला जातो. आणि सात-आठ वर्षांनी हीच बाई वकिलाची पायरी चढते, तेव्हा हेच शेजारी, हेच नातलग विचारतात, “एवढी वर्षं गप्प का बसली होती?”

हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

हा प्रश्न दोन तऱ्हेनं विचारला जातो. एक तऱ्हा संशयाची. खरंच मारत असता तर ती तेव्हाच बोलली असती. आता जमिनीचा, पोटगीचा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा तरी विषय असणार. उलटतपासणीत हा प्रश्न हमखास येतो, पारावर तर रोज येतो. दुसरी तऱ्हा कणवेची, आणि मला ती जास्त घातक वाटते. बिचारीला माहीतच नव्हतं, अडाणी होती, जनजागृती कमी पडते. मग महिला दिनाला शिबिर होतं, १८१ आणि ११२ हे आकडे फलकावर लागतात, टाळ्या होतात. दोन्हीकडे गृहीत एकच, की मदत दारात उभी होती आणि बाई तिच्यापर्यंत गेली नाही. दोष तिच्या तोंडाचा, नाहीतर तिच्या डोक्याचा.

आकडे काय सांगतात ते आधी समोर ठेवू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांपैकी एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या होत्या १४ टक्के. मदतही मागितली नाही आणि कुणापाशी बोलल्याही नाहीत, अशा ७७ टक्के. हा ७७चा आकडा दोन्ही बाजूंचे लोक झेंड्यासारखा नाचवतात. मला मात्र तो त्या १४च्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो. कारण ७७ जणी त्या १४ जणींचं काय झालं ते रोज बघत असतात. मावशी माहेरी आली होती आणि तिसऱ्या दिवशी मामानं तिला परत पोचवली, हे भाचीनं उंबऱ्यात बसून पाहिलेलं असतं. थोरल्या बहिणीसाठी बैठक बसली, चहा झाला, मेहुण्यानं मान खाली घालून “पुन्हा नाही करणार” म्हटलं, आणि पुढच्या अमावास्येच्या आत ती पुन्हा सुजलेल्या हातानं भाकरी थापत होती, हे धाकटीला ठाऊक असतं. धाकटीचं गप्प बसणं अडाणीपणातून आलेलं नाही. तो तिनं पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो बरोबर आहे, ही खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट.

मदत मागणाऱ्या त्या थोड्याजणींतल्याही बहुतेक आधी माहेरच्यांकडे जातात. पोलीस, वकील, दवाखाना ही नावं यादीत पार तळाला. म्हणून माहेरापाशी थांबून नीट बघायला हवं.

आपल्याकडे मुलगी नांदायला जाते. या क्रियापदाकडे मी फार वर्षं बघते आहे. नांदणं म्हणजे सुखानं, एकोप्यानं राहणं. पण ते करायचं असतं फक्त तिनं. नवरा नांदत नाही असं कुणी म्हणत नाही. ती परत आली तर “नांदत नाही” हा ठपका तिच्यावर. माहेरी चार दिवस आली तर लेक, पंधरा दिवस राहिली तर पाहुणी, महिना झाला की गाव आईला विचारतं, “जावई न्यायला येत न्हाई का?” आईची मान खाली जाते. धाकट्या बहिणीचं जमायचं असतं. भावजयीच्या चुलीत दुसऱ्या बाईचा हात आलेला असतो. मग बाप, जो मनातून लेकीसाठी जळत असतो, तोच तिची पिशवी उचलून एसटी थांब्यावर येतो. मी त्या बापाला क्रूर म्हणणार नाही. पण मदतीचा पहिला दरवाजा आतून असा बंद होतो, हेही झाकणार नाही.

आणि या दरवाजाची किंमत तिनं आधीच मोजलेली असते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देण्याचा बदल महाराष्ट्रानं १९९४ सालीच केला. देशभर तो २००५ साली आला. पण पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या पट्ट्यात कारखाने आले, गुंठ्याचे भाव चढले, आणि बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जाणाऱ्या गाड्याही वाढल्या. हक्कसोडपत्र. बहिणीनं राजीखुशीनं भावाच्या नावे वाटा सोडला, तिला चोळीबांगडी पोचली. राजीखुशीनं का सोडते ती? विचारा एखादीला. उत्तर ठरलेलं असतं, “माहेर तुटाय नको.” म्हणजे लाखांची जमीन देऊन ती एक विमा घेते, की अडीअडचणीला भावाचं दार उघडं राहील. आणि खरोखर अडचण येते, ती रात्री दोन लेकरं घेऊन त्या दारात उभी राहते, तेव्हा तिला सांगतात, “ताई, तुझं घर आता ते आहे.” ज्यांना हुंड्याच्या कायद्याच्या गैरवापराची चिंता रात्री झोपू देत नाही, त्यांनी या व्यवहाराकडे एकदा तरी बघावं. फसवणूक कशाला म्हणतात हे इथं कळेल.

सोडून आलेल्या बाईला आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. टाकलेली, सोडलेली, बसवून ठेवलेली. ग्रांथिक शब्द परित्यक्ता, तोही कुणीतरी त्यागलेली. तिनं स्वतः सोडलं, असा अर्थ देणारं मानाचं नाव नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात, संगमनेरला, समता आंदोलनानं १९८०च्या दशकाच्या अखेरीला या बायकांची परिषद भरवली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न असतो हेच पुष्कळांना नवीन होतं. त्याआधी १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सासरी काय वाटतं आहे ते तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून लिहिलं होतं. खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं पुराव्याच्या कसोटीवर पतीला निर्दोष ठरवलं, आणि त्या निकालाशी मला इथं वाद घालायचा नाही. मला ती पत्रं महत्त्वाची वाटतात. ती गप्प नव्हती. तिनं लिहिलं होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन गावं पालथी घातली, तेव्हा बायका फलक वाचून झाल्यावर आपलं सांगू लागल्या. ऐकायला कुणी उभं राहिलं की बोलणं सुरू होतं. आमच्या जनजागृतीवाल्यांना हा क्रम उलटा वाटतो.

माहेर झालं की गाव. २००७ साली १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, वाटेचे वाद तिच्या गावोगावच्या समित्यांनी पुष्कळ मिटवले, लोकांच्या कोर्टातल्या खेपा वाचवल्या, ते श्रेय त्यांना आहे. पण नवऱ्यानं बायकोला मारणं हा तंटा आहे का? तंट्याला दोन पक्ष लागतात, दोघांचं थोडं थोडं चुकलेलं असावं लागतं, आणि मधल्या माणसानं दोघांना एकेक पाऊल मागं घ्यायला लावायचं असतं. मार खाणाऱ्या बाईनं कोणतं पाऊल मागं घ्यायचं? बैठकीत ते काढलं जातंच. तू उलट बोलतेस. सासूला विचारून बाजाराला जात जा. मोबाइल कमी बघ. त्याला दारू पिऊन आल्यावर डिवचू नको. आणि मग मारणाऱ्याकडे वळून, “तूबी हात उचलत जाऊ नको रे.” दोन्ही चुका एका तराजूत, वजन सारखं.

कुटुंब आरोग्याच्या त्याच सर्वेक्षणात सात कारणं वाचून दाखवून विचारलं होतं की यांतल्या कशासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे का. न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, चारित्र्याचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. एखाद्या तरी कारणासाठी योग्य आहे, असं देशातल्या ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले. गावच्या बैठकीची विषयपत्रिका हीच असते. आता कायदा बघा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याच्या २००६च्या नियमांतला चौदावा नियम समुपदेशनाबद्दल आहे. तो स्पष्ट सांगतो की केलेल्या हिंसेचं कोणतंही समर्थन समुपदेशनात मांडता येणार नाही, आणि हे सामनेवाल्याला सुरुवातीलाच सांगायचं. तिनं काय केलं म्हणून मी मारलं, हा विषयच तिथं काढायचा नाही. हा नियम ज्यानं लिहिला त्याला आपला पार, आपली बैठक, आपला “दोघांचं ऐकून घेऊ” हा न्याय पुरता माहीत असणार. इतक्या वर्षांत तो एकाही बैठकीत वाचला गेल्याचं माझ्या कानावर नाही.

पोलीस ठाण्यात जाणं तर त्याहून लांब. बाईच्या प्रत्येक बाहेर पडण्याला आपल्याकडे कारण चिकटलेलं असावं लागतं. दळण, बाजार, दवाखाना, बचतगटाची मीटिंग, देव. “ठाण्यात जाऊन येते” हे वाक्य सासूला सांगता येत नाही. तरी ती गेलीच, तर बऱ्याचदा अदखलपात्र नोंद होते, दोघांना बोलावून समज दिली जाते, आणि संध्याकाळी ती त्याच मोटारसायकलवर मागं बसून घरी येते. त्या परतीच्या वाटेवर तिच्या मनात काय चालत असेल, याचा विचार “ठाण्यात का गेली नाहीस” असं विचारणाऱ्यानं करावा. म्हणूनच मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्यांचा विशेष कक्ष उघडला, आणि पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिलासा केंद्र निघालं. न्हाणीत पाय घसरला म्हणून आलेल्या बाईला तिथं कुणीतरी दार लावून विचारतं, “घरी काय झालं?” दवाखान्याला जाण्याची परवानगी तिच्याकडे असते. मदत तिथं जाऊन बसली, जिथं बाई पोचू शकते. पुरंदर तालुक्यात, माळशिरसला, मासूम या संस्थेच्या बायकांनी १९८७ पासून हेच गावात राहून केलं.

ऊसतोडीच्या टोळीत तर पळायला वाटच नाही. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात हंगामाला येणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, मोजणी एक. उचल मुकादमाकडून नवऱ्यानं घेतलेली असते आणि फेडायची दोघांनी. ती मार चुकवून निघून गेली तर अर्धा कोयता उरतो, उचल तशीच, आणि मुकादमाचं माणूस तिच्या माहेरी. तिच्या मारहाणीत मुकादमाचे पैसे गुंतलेले असतात. तिला कोणता फलक वाचायला सांगणार?

आता संस्कृतीची आठवण करून देणाऱ्यांबद्दल. ते म्हणतात, घरातलं घरात राहावं ही आपली रीत, कोर्टकचेऱ्या बाहेरून आल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. या लोकांना मी दौंड तालुक्यातल्या केडगावला न्यायला तयार आहे. पंडिता रमाबाईंनी तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुक्तिसदन उभं केलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. शेकडो बायकांनी तिथं शेती, विणकाम, छपाई शिकून पोट भरलं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई तिथंच वारल्या. त्यांच्या धर्मांतरावर आणि सदनातल्या धर्मशिक्षणावर तेव्हा वादळ झालं, आजही होऊ शकतं. तो वाद खोटा नाही. पण त्यांनी ओळखलेली एक गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी ओळखली नव्हती. बाईला सासर आणि माहेर या दोन घरांपलीकडे तिसरी जागा लागते, जिथं तिला परत धाडण्याची कुणाला घाई नसते. त्याआधी १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच जाणिवेनं. रखमाबाईंनी १८८४ ते १८८८ मुंबईच्या न्यायालयात सांगितलं की बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे मी जाणार नाही. १८८७ साली ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. दाद मागणाऱ्या बायका इथल्याच आहेत. त्यांना गप्प बसवण्याची रीतही इथलीच आहे, एवढं मी मान्य करते.

तिसऱ्या जागेचं आज काय आहे? संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. आठ वर्षांचा संसार, दोन मुलं, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, आणि पाच दिवस. सहाव्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, माहेर की सासर. म्हणून २००५च्या कायद्यातलं सतरावं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहण्याचा हक्क आहे. आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. “माझ्या घरातून चालती हो” या वाक्याची धार हे कलम काढून घेतं. आणि उशिराबद्दल बोलायचं तर, या कायद्याखाली बाराव्या कलमाचा अर्ज एका वर्षाच्या आतच करायला हवा हे म्हणणं त्याच न्यायालयानं २०२२ साली फेटाळलं. कायद्याला बाईचा उशीर समजला. आपल्याला समजत नाही.

राहिला गैरवापर. खोट्या तक्रारी होतात का? होतात, जशा जमिनीच्या, चोरीच्या, अपघाताच्या विम्याच्या होतात. खोटं सिद्ध झालं तर शिक्षा व्हावी. पण आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी, हा हिशोब चुकीचा आहे. जिथं साक्षीदार म्हणजे दीर, जाऊ आणि टीव्हीचा आवाज वाढवणारा शेजारी, तिथं गुन्हा शाबीत होणार कसा? आणि ही गैरवापराची भीती किती दूर जाते बघा. २२ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. त्यांनुसार विवाहितेच्या छळाच्या तक्रारीनंतर दोन महिने अटक वगैरे थांबवून प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे द्यायचं. २०१८ साली याच न्यायालयानं अशा समित्यांना कायद्यात आधार नाही असं म्हटलं होतं. मी न्यायालयाचा आदर राखून म्हणते, हे दोन महिने ती कुठं राहणार याचं उत्तर त्यात नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मुळशीतल्या भुकूममध्ये एका सधन, राजकीय घरातल्या सुनेचा मृत्यू झाला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण त्याच घरातल्या थोरल्या सुनेची तक्रार काही महिने आधीच राज्य महिला आयोगापर्यंत पोचली होती, हे मागाहून सगळ्यांनी वाचलं. तिलाही कुणी गप्प म्हणणार का?

जुनी म्हण आहे, नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची. लहानपणी मला ती गमतीची वाटायची. तिच्यात नवऱ्याला आभाळाच्या रांगेत बसवलं आहे, हे फार उशिरा कळलं.

आम्ही शिरूरला राहत होतो तेव्हा शेजारच्या खोलीतली एक बाई एका रात्री आमच्याकडे आली होती. अकरा वाजून गेले होते, पायात चप्पल नव्हती, कडेवर दीड वर्षाचं पोर. मी तिला पाणी दिलं, हळद लावली, चहा केला. तासाभरानं मीच म्हणाले, “आता झोपला असेल तो. चल, मी सोडते तुला. लेकराची झोपमोड नको.” मला तेव्हा ते मायेचंच वाटलं होतं. तिनं नाही म्हटलं नाही. मी तिला तिच्या दारापर्यंत नेलं, कडी हळूच वाजवली, आणि दार उघडल्याचं बघून परत आले. नंतर दोन वर्षं आम्ही शेजारी राहिलो. भिंतीतून पुष्कळदा ऐकू आलं. तिनं आमचं दार पुन्हा वाजवलं नाही. सर्वेक्षणवाली बाई तिच्याकडे गेली असती आणि “तुम्ही कुणाला सांगितलं होतं का” असं विचारलं असतं, तर तिनं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे.